भट्टीतला बाप

१

बाप कोण, हे त्या कोरियन बराकीत भरतीच्या महिन्यावरून ठरायचं. तुम्ही नोव्हेंबरात भरती झालात, तर आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात जो भरती झाला तो तुमचा बाप. भरतीच्या नंबराचा बाप. नियमाच्या पुस्तकात हे कुठेही नव्हतं, पण पाळायचे सगळे. बापाने पोराला कँटीनमध्ये न्यायचं, नूडल्स खाऊ घालायचे, गादीची घडी कशी घालायची ते शिकवायचं, आणि कोणी फारच झोडपायला लागलं तर मध्ये पडून म्हणायचं, "माझा पोरगा आहे, आता बास." सक्तीची सव्वादोन वर्षं भरून बाप घरी निघाला, की पोराने फाटकापर्यंत त्याची बॅग उचलायची.

नाईक प्यो इन्होच्या वाट्याला बाप म्हणून हवालदार योम ह्योनजे आला होता. पहिल्याच दिवशी इन्हो त्याच्यापुढे ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी नोव्हेंबरचा."

योमने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग? मी काय करू? दूध पाजू?"

सगळी बराक खो खो हसली. इन्होही हसला, कारण न हसणं महागात पडलं असतं. पण ते वाक्य त्याच्या मनात रुतलं ते रुतलंच. वर्ष होऊन गेलं, योमने त्याला पाव कप कॉफीसुद्धा कधी पाजली नाही. इतरांचे बाप खांद्यावर हात टाकून पोरांना कँटीनकडे न्यायचे, तेव्हा इन्हो बूट पुसत बसायचा. बूट स्वच्छ असले तरी पुसायचा. घरचा बाप तर त्याच वर्षी हरवला होता. बुसानमधला बुटांचा कारखाना बंद पडला, त्यानंतर एका सकाळी तो नेहमीसारखा डबा घेऊन बाहेर पडला आणि डब्यासकट नाहीसा झाला. आईने पत्रात एवढंच लिहिलं होतं, की डबा नवा होता.

त्या थंडीच्या सुरुवातीला बान दोंगमिन आला. डावा कान लहानपणापासून बहिरा, आणि बोललेलं डोक्यात शिरायला वेळ लागायचा. उत्तर यायचं, बरोबरही यायचं, पण समोरच्याचा धीर सुटल्यावर. भरतीच्या डॉक्टरने म्हणे विचारलं होतं, दुसरा कान चालतो ना? चालतो. मग पुढे व्हा. आईने गावात भाताच्या वड्या वाटल्या होत्या. पोरगा सैन्यात घेतला, म्हणजे आता त्याला कोणी अर्धवट म्हणणार नाही, असं तिला वाटलं होतं.

बराकीत अशा मुलांना 'सल्लागार' म्हणायची जुनी रीत होती. "या सल्लागार साहेब," योम म्हणाला. "कोणत्या महिन्याचे आपण?"

दोंगमिन बराच वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सप्टेंबर."

बुटांवरचे ब्रश थांबले. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरचा एकच होता, शिपाई मो. बोलताना अडखळायचा, तोही सल्लागारच. आदल्या हिवाळ्यात तो जुन्या कोळशाच्या भट्टीच्या खोलीत मेला. धुराने गुदमरला, असं कागदावर आलं. इन्हो या बराकीत आला तो त्यानंतर. कडी बाहेरून कोणी लावली होती, हे त्याने कधी विचारलं नाही आणि त्याला कोणी सांगितलंही नाही.

मग योमच हसला. "सप्टेंबर! नशीबवान आहेस लेका. तुझा बाप मागच्या भट्टीत असतो. जा, पाया पड. नूडल्स माग."

थट्टा सगळ्यांना कळली, दोंगमिनला सोडून. त्याने कडक सलाम ठोकला आणि बाहेर पडला. संध्याकाळच्या हजेरीला परत आला तेव्हा गुडघ्यांना काजळी लागलेली होती.

"काय, भेटला बाप?" योमने विचारलं.

"भेटले," दोंगमिन म्हणाला. या वेळी उत्तराला उशीर झाला नाही.

२

बराक ज्याच्या ताब्यात होती त्या सुभेदार हामने इन्होला बोलावून घेतलं. "हे नवं पोरगं एकटं फिरता कामा नये. संडासला गेलं तरी तू बरोबर. मागच्या वर्षीसारखं काही झालं ना, तर तुझी सुट्टी विसर." सुभेदार वाईट माणूस नव्हता. पेन्शन जवळ आलेला माणूस होता.

अशा रीतीने इन्हो दोंगमिनची सावली झाला. सावलीने मारामारी थांबवायची नसते, जवळ उभं राहायचं असतं. तो जवळ उभा राहायचा. योमची टोळी दोंगमिनच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच हुकूम द्यायची आणि हुकूम पाळला नाही म्हणून शिक्षा करायची. हात पाठीमागे, डोकं सिमेंटवर, कंबर वर. किंवा डोक्यावर लोखंडी टोप चढवून उजव्या कानाजवळ आमटीच्या डावाने ठणाणा वाजवायचे. "एक तर चालतोय, तो तरी तपासून बघू." दोंगमिन ओरडायचा नाही. ओरडायचं असतं हेही त्याला उशिराच कळत असावं, आणि तोवर खेळ संपलेला असायचा.

एका संध्याकाळी योमने त्याच्या डगल्याची सगळी बटणं उपटून काढली. "सकाळच्या हजेरीला बटणं लागलेली पाहिजेत. नाहीतर बर्फात उघडा."

दोंगमिनच्या बोटांना सुईत दोरा ओवणं जमत नसे. इन्होला ते माहीत होतं. आपण शिवून द्यावीत, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, की मला कोणी शिवून दिली होती? तो कूस बदलून झोपला.

सकाळी बटणं लागलेली होती. एकसारखी, घट्ट, प्रत्येकाच्या बुडाशी दोऱ्याचा वेढा घेतलेली. कॉलरची उसवलेली शिवणसुद्धा आतून टाचली होती, आणि त्याबद्दल तर कोणी बोललंही नव्हतं. योमने बटणं ओढून पाहिली. एकही निघालं नाही.

"तू शिवलीस?" त्याने इन्होला विचारलं.

"नाही, साहेब."

"मग काय भुताने शिवली?" योम म्हणाला. हसण्यासाठी त्याने मागे वळून पाहिलं, पण साथ द्यायला कोणी तयार नव्हतं.

३

इन्हो दोन वर्षं वीजशास्त्र शिकलेला होता. कुठेतरी दिवा लागला, तर कुठेतरी तार गेलेली असणार, एवढा साधा त्याचा विश्वास. तो तार शोधायला लागला. आचाऱ्यांपैकी कोणाला दया आली असेल. गावातली कोणी म्हातारी कुंपणापाशी येत असेल. किंवा हा दोंगमिनच महाठक असेल, वेड पांघरून बसलेला. ही शेवटची शंका इन्होला सगळ्यांत आवडली. तसं असतं तर त्याला सुखाने झोप लागली असती.

पण रोज काहीतरी नवीन निघायचं. दोंगमिनची नखं कापलेली असायची, कडेने घासून गुळगुळीत केलेली. फाटक्या मोज्यांना ठिगळ लागलेलं असायचं. मानेवरच्या वळांवर मलम चोळलेलं असायचं आणि त्याचा कापरासारखा वास शेजारच्या गादीवर, म्हणजे इन्होच्या नाकात शिरायचा. एकदा बर्फ उपसताना दोंगमिनने डगल्यातून भाजलेलं रताळं काढलं. मोडलं तर आतून वाफ आली.

"नाईकसाहेब, घ्या ना अर्धं."

"कुठून आणलंस?"

"बाबांनी दिलं."

"कोणते बाबा? तुझे बाबा तर तू पाळण्यात असताना समुद्रात गेले, असं सुभेदारसाहेब म्हणाले."

दोंगमिनने विचार केला. "ते वेगळे. हे भट्टीतले."

"त्या भट्टीत वर्षभर जाळ नाही, गाढवा. आता डिझेलवर चालतं सगळं."

"असेल," दोंगमिन समजूतदारपणे म्हणाला. "पण तिथे ऊब असते."

इन्होने रताळं घेतलं नाही. भूक होती, तरी घेतलं नाही. त्याला भीती वाटायला हवी होती, हे त्याचं त्यालाही कळत होतं. पण भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी उठत होतं, आणि त्याला नाव द्यायची लाज वाटत असली तरी नाव साधंच होतं. तो जळत होता. या बहिऱ्या, मंद, लाळ पुसायला विसरणाऱ्या पोराला बाप मिळाला होता. मागितल्याबरोबर मिळाला होता. आणि आपण वर्षभर ताठ उभे आहोत, बूट चमकवतो आहोत, एक चूक नाही, एक तक्रार नाही, आपल्याला कोणी विचारत नाही. हा कुठला न्याय?

रात्री शेजारच्या गादीवरून मलमाचा वास यायचा आणि त्याच्या पोटात कळ उठायची.

४

रविवारी दुपारी निम्मी बराक ट्रकमध्ये बसून गावातल्या चर्चमध्ये जायची. देव सगळ्यांना नको असला तरी तिथे वाटतात ते चोको पाय नावाचे चॉकलेटचे केक सगळ्यांना हवे असत. उरलेले बर्फात फुटबॉल खेळायचे. त्या रविवारी इन्हो दोंगमिनला म्हणाला, "चल, तुझ्या बापाकडे जाऊ."

दोंगमिनचा चेहरा उजळला. इन्होच्या डोक्यात तिडीक गेली.

भट्टीची खोली स्वयंपाकघराच्या मागे, अर्धी जमिनीत होती. चार पायऱ्या उतरल्या की लोखंडी दार. कडीतून तार ओवून पिळलेली, तारेवर गंज. गंज कुठे उकललेला नाही, हे इन्होने वाकून नीट पाहिलं. इतक्यात स्वयंपाकघराच्या बाजूला भांडं पडलं म्हणून त्याने मान वळवली, आणि परत पुढे बघितलं तर दोंगमिन नव्हता. तार जागच्या जागी होती.

दुसरं दार असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. कोळसा टाकायची खिडकी असणार. तो खोलीला वळसा घालून आला. दार नव्हतं. खिडकी होती, पण ती आतून विटांनी बुजवलेली होती.

मग आतून फावडं सिमेंटवर घासल्याचा आवाज आला. सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा. आणि दोंगमिनचं हसणं. इन्होने ते पूर्वी ऐकलेलं नव्हतं. त्यामागून बोलणं, तेही सलग, न अडखळता, शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून सांगतं तसं. "आणि मग त्यांनी ना, मला तिथेच उभं केलं. नाही, रडलो नाही. इथे लागलं. आणि इथे. आं, हळू..."

दुसऱ्या माणसाचा आवाज येत नव्हता. तो बोलला की नुसती शांतता व्हायची, आणि दोंगमिन त्या शांततेला उत्तर द्यायचा.

इन्होने हातमोजा काढून दारावर तळवा ठेवला. लोखंड कोमट होतं. तो तसाच उभा राहिला, किती वेळ कोण जाणे. गाल टेकवावा असंही त्याला वाटलं, आणि टेकवला.

"चला, नाईकसाहेब," पाठीमागून दोंगमिन म्हणाला.

तो पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभा होता. मानेवर ताजं मलम चमकत होतं.

त्याला बराकीत सोडून इन्हो परत आला. तार उलगडताना बोटं सोलली. आत काहीच नव्हतं. भट्टीचं तोंड उघडं, कोपऱ्यात फावडं, फावड्यावर बर्फाचा पापुद्रा. त्याने राखेत हात घातला. राख गोठून दगड झालेली होती.

"मो साहेब," तो हळूच म्हणाला. मग धीर करून म्हणाला, "बाबा."

कोणी उत्तर दिलं नाही. ज्याच्या घरात पोरगा आहे, तो शेजारच्या पोराच्या हाकेला कशाला ओ देईल?

५

त्यानंतर इन्होने गणित मांडलं. मार जितका जास्त, तितके लाड जास्त. मार थांबला तर मलम नको, मलम नको तर बाप नको. म्हणजे मार थांबवायचा.

दुसऱ्या दिवशी योमने डाव उगारला तेव्हा इन्हो मध्ये उभा राहिला. "आता बास, हवालदारसाहेब."

योमचा हात हवेतच राहिला. "काय म्हणालास?"

"बास म्हणालो."

एक सणसणीत थप्पड इन्होच्या कानाखाली बसली. त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही. संध्याकाळी तो सुजलेला गाल घेऊन पायऱ्या उतरला आणि दारापाशी उभा राहिला. लोखंड गार होतं. मग तो तडक सुभेदाराकडे गेला, दोंगमिनला पुढे केलं आणि त्याचा शर्ट वर केला.

सुभेदार हामने पाठ बघितली आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. "याआधी का नाही सांगितलंस?"

"चुकलं, साहेब."

"चुकलं तर चुकलं. पण आज हिंमत केलीस. शाब्बास, पोरा."

पुढचं सगळं भराभर झालं. वरून चौकशी आली. योमला कोठडीत टाकलं, आणि कोठडीतले दिवस नोकरीत धरत नाहीत, म्हणून त्याची घरी जायची तारीख लांबली. बाकीच्यांची मांजरं झाली. दोंगमिनला लष्करी इस्पितळात पाठवून तिथूनच घरी सोडायचं ठरलं. त्याची आई फोनवर इतकी रडली, की इन्होला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "तुम्ही माझ्या लेकराला वाचवलंत, साहेब. तुमच्या आईबापांचं भलं होवो." बराकीत पोरं त्याच्याकडे आदराने बघायला लागली. एवढं पुण्याचं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. आणि ते केलं होतं निव्वळ पोटदुखीने.

जीप आली तेव्हा दोंगमिनने त्याचा हात धरला. "नाईकसाहेब, बाबांना सांगाल?"

"काय?"

उत्तराला नेहमीसारखा वेळ लागला. "की मी त्यांना टाकून नाही गेलो. मला नेलं. त्यांना कोणी दुसरं नाही हो. माझं लागलेलं बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

"सांगतो," इन्हो म्हणाला. जीप वळणाआड गेली तोवर तो हात हलवत होता. हात खाली आला तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की आता जागा रिकामी झाली.

६

रविवारी ट्रक गेला आणि तो पायऱ्या उतरला. त्याने परत पिळून ठेवलेली तार आज नव्हती. दार लोटलं तर लोटलं गेलं, आणि उबेचा लोट अंगावर आला.

भट्टीचं तोंड आज बंद होतं. फटीतून लाल उजेडाची रेघ जमिनीवर पडली होती. बाकी अंधार. रताळ्यांचा वास, मलमाचा वास, आणि त्याखाली घामट लोकरीचा वास, बराकीत सगळ्यांच्या अंगाला येतो तोच.

"बाबा," इन्हो म्हणाला. दोंगमिनचा निरोप त्याने सांगितला नाही. "तो गेला. आता मी आहे."

फावड्याचा आवाज थांबला. कोणीतरी खाली बसल्यासारखी फळी करकरली. इन्हो गुडघे टेकून पुढे सरकला, आणि त्याच्या डोक्यावर हात आला.

जड, खरखरीत, गरम हात. तो केसांतून फिरला, मानेवर उतरला, थोपटू लागला. त्याच्या डोक्यावरून असा हात शेवटचा कधी फिरला होता, ते त्याला आठवेना. सगळं सांगून टाकावं, डबा, बूट, 'दूध पाजू?', सगळं. तो सांगत सुटला. हात ऐकत होता.

मग हात शोधायला लागला. मान, खांदे, पाठीचा कणा, बरगड्या. एका जागी थांबायचा, दाबायचा, पुढे जायचा. काही विचारल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता, पण प्रश्न होता. कुठे लागलंय?

"कुठे नाही," इन्हो म्हणाला. "बरा आहे मी."

हात थबकला.

नेमकं तेव्हा भट्टीत निखारा ढासळला असावा. रेघ रुंद झाली आणि समोर बसलेल्याचे गुडघे दिसले. लष्करी विजार, काजळीने काळी. गुडघ्यांवर दोन हात ठेवलेले होते, शांत, पालथे, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. इन्होने ते दोन्ही नीट पाहिले. त्याच्या पाठीवरचा हात तेव्हाही पाठीवरच होता.

मान वर करून पाहायचं त्याला धाडस झालं नाही. उजेड परत बारीक झाला. पाठीवरचा हात उचलला गेला, नको असलेली वस्तू खाली ठेवावी तसा, न रागावता. ऊब गेली, भराभर गेली. तो दारापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती, आणि आत फावडं परत घासायला लागलं होतं.

या खोलीकडे पुन्हा फिरकायचं नाही, असं कोणत्याही शहाण्या माणसाने ठरवलं असतं. इन्होनेही ठरवलं. ते दोन दिवस टिकलं.

७

योम कोठडीतून सुटून आला तो निम्मा होऊन आला. संध्याकाळी तो इन्होच्या गादीपाशी येऊन घुटमळला. हातात नूडल्सचं पाकीट, त्यात गरम पाणी ओतून तोंड काडीने बंद केलेलं, बाप पोरासाठी करतो तसं.

"घे. खा," योम म्हणाला. "मी काही कधी बापासारखा वागलो नाही तुझ्याशी. चुकलंच माझं."

वर्षभर ज्या घासासाठी जीव टाकला तो समोर होता. इन्होने एक घास घेतला. पाणचट लागला. त्याने पाकीट खाली ठेवलं.

"मार मला," तो म्हणाला.

"काय?"

"मारायचं ना तुला? मीच तर चुगली केली. तुझी तारीख माझ्यामुळे लांबली. मार की."

योम मागे सरकला. "वेडा झालास का, पोरा? मला अजून कोठडी नको."

इन्होने त्याला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. त्याच्या आईवरून दिल्या. हजेरीला मुद्दाम उशिरा उत्तर दिलं, बूट न पुसता उभा राहिला, डाव्या बाजूने हाक मारली की न ऐकल्यासारखं केलं. कोणी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. "प्योला ताण आलाय, झोपू द्या त्याला," पोरं म्हणायची आणि त्याच्या वाटचं बर्फ स्वतः उपसायची. सुभेदार हामने त्याच्यासाठी विशेष सुट्टीची शिफारस केली. सगळी बराक सुधारली होती. सगळ्या जगात इन्होला लागू नये म्हणून जपणारेच उरले होते, आणि त्यातल्या एकाचाही हात गरम नव्हता.

रविवार आला. ट्रक गेला. मैदानावरून फुटबॉलचा कल्ला येत होता. इन्हो पायऱ्या उतरला. दार उघडंच होतं, पण दारात थंडी होती. निरोगी माणसाला त्या खोलीत जागा नव्हती.

त्याने डाव्या हाताचा मोजा काढून खिशात ठेवला. बोटं चौकटीत, बिजागरीच्या बाजूला ठेवली. हे मी करतोय म्हणजे मला वेड लागलंय, असं त्याने अगदी शांतपणे स्वतःला सांगितलं. मग दोंगमिनची आठवण आली. तो आता घरी असेल. कोणीतरी त्याला जवळ घेतलं असेल. पोटात ती ओळखीची कळ उठली, आणि तिच्याच जोरावर त्याने उजव्या हाताने दार ओढलं.

त्याचं ओरडणं मैदानापर्यंत गेलं असतं, पण तेवढ्यात तिकडे गोल झाला. चिरडलेला हात पोटाशी धरून तो आत शिरला. आणि खरंच, आत ऊब होती. भट्टीच्या फटीत लाल रेघ होती. फळी करकरली. तो लहान पोरासारखा हुंदके देत गुडघ्यांवर बसला आणि हात पुढे केला.

"बाबा," तो म्हणाला, "लागलंय."

अंधारातून कोणीतरी त्याचा हात हातात घेतला. एकेक बोट चाचपलं, काळजीने, सावकाश. फुंकर घातली. फुंकर गरम होती. इन्होने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल.

मग पहिल्यांदाच त्याला तो आवाज ऐकू आला. अडखळणारा, मायेने भरलेला, जरासा निराश झालेला.

"ए... एवढंच?"

इन्होने दातांनी दुसऱ्या हाताचा मोजा ओढून काढला, उठला आणि दाराकडे गेला.